भुंगे संपेपर्यंत

आमच्या रास्पबेरीवर दर उन्हाळ्यात भुंगे पडायचे. हिरवं डोकं, तांबूस पंख, दिसायला अगदी दागिना. पण पानाची नुसती जाळी करून सोडायचे आणि पिकलेलं फळ पोखरायचे. सकाळच्या गारव्यात ते सुस्त असतात. तेव्हा फांदीखाली साबणाच्या पाण्याची बादली धरायची आणि फांदीला टिचकी मारायची. टपाटप पडतात.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात हे काम मला आणि नणंदेला मिळालं. घरात ती माझी वन्सं, सगळं अहो-जाहो. पहिल्याच दिवशी झुडपांच्या ओळीत शिरल्यावर ती म्हणाली, "वहिनी, इथे भुंग्यांखेरीज ऐकायला कुणी नाही. अगं म्हण."

जीभ अडखळली, मग सैल सुटली. माहेर सोडल्यापासून मी कुणाला अगं म्हटलं नव्हतं. ती सासूबाईंची नक्कल करायची आणि हसता हसता माझी बादली कलंडायची. "सांड, सांड! मेले पोहत घरी जातील," ती म्हणायची. ओळ संपून अंगण आलं, की मी पुन्हा अहोवर.

तिला दूरच्या शहरात प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. "भुंगे संपले की निघेन," तिने घरात सांगून टाकलं होतं. आणि भुंगे खरंच संपत आले. एका सकाळी अख्ख्या ओळीत सातच मिळाले.

त्या वर्षी सासऱ्यांनी वासाचा सापळा आणला होता, पिवळ्या पिशवीचा. त्यावर लिहिलं होतं: पिकापासून लांब टांगा, नाहीतर आसपासचे सगळे भुंगे पिकावर येतील. तिनेच मला ते वाचून दाखवलं होतं. त्या दुपारी मी तो कुंपणावरून काढला आणि मधल्या ओळीत नेऊन टांगला.

तिसऱ्या दिवशी पानं दिसेनात, इतके भुंगे. सासूबाई कडाडल्या, "कुणाची अक्कल ही?"

"माझी," ती पुढे होऊन म्हणाली. "वाचलंच नाही मी." बोलणी तिने खाल्ली; मी मान खाली घालून उभी.

ती आणखी आठ दिवस थांबली. शेवटच्या सकाळी बादली खाली ठेवून म्हणाली, "सापळा का टांगलास, ते कळलंय मला. पण तोंडाने सांगशील की नाही? महिनाभर उशिरा येते, असं कळवता येईल अजून."

मी तोंड उघडलं, तोच अंगणातून सासऱ्यांची हाक आली, "आवरा गं, गाडी आली!"

दारात सगळे जमले होते. सासू, सासरे, नवरा, गाडीवाला. एक पाय पायरीवर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली.

"अहो वन्सं," मी म्हटलं, "थांबा ना अजून."

"बघा!" सासूबाई खूष झाल्या. "आग्रह शिकावा तर आमच्या सुनेकडून!"

सगळे हसले. त्याही हसल्या, जरा उशिराने. "येईन हं, वहिनी," म्हणाल्या आणि आत बसल्या.

पुढे त्या आल्या, नवरा-मुलांना घेऊन, चार दिवसांच्या पाहुण्या म्हणून. पन्नासेक वर्षांत आम्ही दोघी एकट्या अशा कधी सापडलो नाही. मी निमित्त शोधायचे. त्याही शोधत असाव्यात असं वाटायचं, पण विचारणार कसं?