चौभुजेचं चिलखत

संपादकबाईंनी स्पष्टच सांगून टाकलं होतं, "आजही तेच झालं, तर चौभुजा पुस्तकातून बाहेर."

पुस्तक एका खेळाचं होतं. जग उद्ध्वस्त झालंय, टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि बोलत बोलत भग्न शहरांतून वाट काढायची. वाटेतले राक्षस घडवायचं काम खालच्या मजल्यावरच्या मावशीच्या भाचीचं. ती जीवशास्त्र शिकलेली, म्हणून ऑफिसात तिचं नाव पडलं सूक्ष्मदर्शी. पाण्याची टाकी राखणाऱ्या या चार हातांच्या योद्धीवर तिने जिवापाड मेहनत घेतली होती. खांद्याची जास्तीची हाडं, दीडपट हृदय, दिवसाला सहा हजार कॅलरी. बोट ठेवायला जागा नव्हती. तरी आतापर्यंत खेळून पाहणाऱ्या तिन्ही गटांनी चौभुजेला पाहिलं, फासे टाकले आणि पाच मिनिटांत मारून मोकळे झाले.

"असले मरायला आलेले राक्षस आपल्याकडे पोत्याने आहेत," बाई म्हणाल्या.

शेवटच्या डावाला एक खेळाडू तापाने झोपला. भाचीने खालच्या मजल्यावरून मावशीला ओढून आणलं. मावशीचं तिथे शिवणाचं दुकान होतं. दुसऱ्या खेळाडू स्वतः बाई, तिसरा चित्रकार. चौभुजेची वीतभर मूर्ती त्यानेच बनवलेली, अंगातल्या कातडी चिलखतासकट.

भाचीने मूर्ती मधोमध ठेवली. "ही टाकीच्या दारात उभी आहे. भाला रोखलाय."

"मी बाण सोडतो," चित्रकाराने फासे खुळखुळवले.

"थांब रे, गाडी सुटतेय का तुझी?" मावशीने मूर्ती उचलून उलटी केली. "हिचं चिलखत कोणी शिवलं?"

"मावशी, तुमची पाळी नाही," चित्रकार म्हणाला.

"पाळी गेली खड्ड्यात. दोऱ्या बघ, पार पाठीवर. मानेपासून कमरेपर्यंत."

"चार हात आहेत की. बांधेल आपली आपण."

"चार काय, चाळीस दे! चारही खांदे पुढे वळलेत. तिथवर हात पोचेल का? रोज सकाळी हिला कोणीतरी बांधून देतंय."

"छान दिसतात म्हणून काढल्या हो मी दोऱ्या," चित्रकार पुटपुटला. "सासू असेल घरी."

"असली तर मायेची आहे. चार बाह्या, पण एक सुरकुती नाही."

भाचीने मनातल्या मनात सांधे वळवून पाहिले. मावशीचं बरोबर होतं. हाडं मोजली, पण सकाळी हिचं चिलखत कोण चढवतं, हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं. समोरच्या कागदावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं: एकटी राहते. बोलत नाही.

"मी विचारते तिला," मावशी म्हणाली. "तुझ्या दोऱ्या कोण बांधतं गं?"

नियमाप्रमाणे चौभुजा बोलूच शकत नव्हती. चित्रकाराच्या मुठीत फासे तयार होते. भाचीने कागद पालथा केला.

"टाकीच्या आत कोणीतरी खोकतं," ती सावकाश म्हणाली. "चौभुजा मागे वळून पाहते. म्हणते, माझी बहीण. तिला उजेड सोसत नाही."

चित्रकाराने फासे टेबलावर ठेवले.

"औषध आहे माझ्या पिशवीत," बाई पुढे सरकल्या. "भाला खाली करायला काय घेईल ती?" मग एकदम भानावर येऊन त्यांनी चष्मा सारखा केला. "हे एका पानात मावणार नाही, सूक्ष्मदर्शी. दोन घे."

"पानांचं नंतर बघा हो," मावशी म्हणाली. "आधी औषध द्या, आत पोरगी खोकतेय."