चार थेंब सरस

बाबा गेल्यावर लाकूड कातायच्या लेथवर घातलेली चादर काकांनी ओढून काढली आणि तुतीचा गोल तुकडा दोन्ही हातांनी उचलून तिच्यासमोर धरला. अंगणातलं झाड उन्मळून पडलं तेव्हा त्यातून आईसाठी वाडगा करायचा, असं बाबांनी ठरवलं होतं. सगळ्या खोडातून एवढाच तुकडा धड निघाला होता. त्याच्या बुडाला एक लहान ठोकळा आधीच चिकटवलेला होता. लेथच्या तबकडीचे स्क्रू त्या ठोकळ्यात बसतात, वाडग्याला भोक पडत नाही. वाडगा झाला की ठोकळा कापून टाकायचा.

“चला, माझं अर्धं काम तुझ्या बाबांनीच करून ठेवलंय,” काका म्हणाले. दोघांनी उभा जन्म या एका लेथवर काढला होता.

तिने पाहिलं. ठोकळा प्लायवुडचा होता.

बाबांचा फोन आला होता तेव्हा ती जिना उतरत होती.

“ठोकळ्याचं लाकूड निवडायचंय गं. बारीक चीर दिसत नाही मला आता. रविवारी येतेस?”

“बाबा, शेवटी फेकायचाच ना तो? लावा की प्लायचा तुकडा.”

मग ते म्हणाले होते, “बरं. तू म्हणतेस तर.”

आणि हेच बाबा तिला लहानपणी सांगायचे : वाडगा नुसता देखणा असला तरी चालतो, ठोकळा शहाणा लागतो. प्लाय म्हणजे पापुद्रे. फिरताना सुटले, तर वाडगा भिंतीवर नाहीतर आपल्या कपाळावर.

काकांनी शेवटचा स्क्रू आवळला.

“काका, प्लाय आहे तो.”

“दिसतंय मला. मोतीबिंदू त्यांना होता, मला नाही. पण त्यांनी लावलाय म्हणजे काहीतरी हिशेब असणार. त्यांच्या हातापुढे मी कोण?”

त्यांनी बटणाकडे हात नेला. तिने आधीच बटणावर तळवा ठेवला होता.

“त्यांचा हिशेब नाही तो. मी सांगितलं होतं. यायचं टाळायला.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. स्क्रू एकेक करून सोडवले, तुकडा मांडीवर आडवा घेतला, सांध्यावर पटाशीची धार टेकवली आणि अंदाज घ्यायला म्हणून हलकेच एक टकोरा मारला. ठोकळा टपकन खाली पडला.

तो होता त्या जागी चार कोपऱ्यांत सरसाचे चार थेंब होते. मधलं लाकूड कोरडं, स्वच्छ.

“अरे लबाडा!” काका हसायला लागले. “लेकीचा शब्दही राखला आणि लाकूडही!”

आई चहा घेऊन दारात उभी होती. जमिनीवरचा ठोकळा बघून तीही थोडी हसली.

“मी म्हटलं, लावायचा नाही तर चिकटवता कशाला? तर म्हणे, ती आली की दाखवीन, हसेल. मग तिच्याकडूनच नीट निवडून घेऊ.” तिने कप लेथच्या कडेला ठेवले. “दर रविवारी लेथ पुसून ठेवायचे. चहा गार करू नका.”

आई आत गेली. काकांचं हसू केव्हाच थांबलं होतं.

ती तुकड्यांच्या खोक्यापाशी गुडघ्यांवर बसली. एकेक तुकडा कानाशी धरून बोटाने वाजवू लागली, बाबा वाजवायचे तसा. ओला तुकडा बद्द वाजायचा, तो बाजूला. हलका, नरम, तोही बाजूला. मग एक जड, कोरडा हाती आला. टणटणीत वाजला.

“हा घे,” काका म्हणाले. “झकास आहे.”

तिने तो खिडकीच्या उजेडात तिरपा धरला.

“चीर आहे याला.”

काकांनी तुकडा हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

“कुठाय? मला नाही दिसत.”

“मला दिसते,” ती म्हणाली आणि खोक्यातला पुढचा तुकडा उचलला.