क्षमेवरचा उपदेश

पाळकसाहेबांच्या उपदेशाला मंडळी पेंगायची आणि ते त्यांनाही दिसत होतं. म्हणून एका रविवारी त्यांनी स्वतःच जाहीर केलं, की उपदेश तयार करायला मदत हवी आहे. बुधवारी संध्याकाळी चर्चमागच्या खोलीत बसायचं. ते वचन वाचतील, इतरांनी घरात, कामावर काय चालतं ते सांगायचं. तिघं तयार झाली. निवृत्त बसचालक, त्यांना सगळे ड्रायव्हरकाका म्हणत, शाळेतल्या मास्तरीणबाई, आणि दातवाली.

दातवाली लॅबमध्ये कवळ्या नि कॅप बनवायची. दिवसभर प्लास्टरच्या धुळीत मान मोडून काम करणाऱ्या बाईला कुणी मत विचारत नाही. पाळकसाहेबांनी तिला मुद्दाम थांबवून ‘तुम्ही याच’ म्हटलं, तेव्हा ती हरखून गेली होती.

सुरुवात छान झाली. ड्रायव्हरकाकांचा भांडखोर प्रवाशाचा किस्सा उपदेशात आला, लोक हसले, जागे राहिले. मग विषय निघाला क्षमेचा. पाळकसाहेबांनी दातवालीला हळूच विचारलं, धाकटी कशी आहे? धाकटी बहीण नवऱ्याला सोडून वर्षभर तिच्याकडेच राहत होती. नवरा त्याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. दातवाली विश्वासाने बोलून गेली, की बरी आहे, पण अधूनमधून लग्नाचा फोटो काढून बघत बसते.

पुढच्या बुधवारी पाळकसाहेबांनी उपदेशाचा मसुदा वाचून दाखवला. त्यात एक बाई होती. बहिणीच्या घरी राहणारी, लग्नाचा फोटो कुरवाळणारी. तिचा नवरा दार उघडं ठेवून वाट बघतोय, आणि तिला अडवतोय तो फक्त अहंकार.

दातवालीने मसुद्यावर हात ठेवला.

“हे तुम्ही वाचणार नाही,” ती म्हणाली.

पाळकसाहेब म्हणाले, नाव कुठे घेतलंय?

“तिचा पुढचा दात मी बनवलाय. ती कुठे पडली नव्हती, पाळकसाहेब. त्याने पाडला होता.”

मास्तरीणबाई वहीत बघत राहिल्या. पाळकसाहेबांनी चष्मा पुसला. तो माझ्यापाशी येऊन रडतो, म्हणाले. दोघांचं जुळावं एवढीच त्याची इच्छा आहे. तेव्हा दातवालीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

“मला यासाठीच बोलावलंत ना? धाकटीचं काढून घ्यायला?”

त्यांनी मसुद्याची पानं गोळा केली. ड्रायव्हरकाकांनी खुर्ची मागे सारली, आपण यात नाही म्हणाले आणि निघून गेले. तीही उठली. दार तिने इतक्या जोरात लावलं, की काच तडकते की काय असं वाटलं.

घरी येऊन तिने सगळं सांगितलं. धाकटी पाळकसाहेबांवर भडकेल, असं तिला वाटलं होतं. धाकटी भडकली ती तिच्यावर.

“फोटोचं तू सांगितलंस?”

“मला वाटलं…”

“त्या फोटोत मी आईला बघते, ताई. आईचा दुसरा धड फोटो आहे का आपल्याकडे? एकदा तरी विचारायचंस मला.”

दातवालीला तोंड वर करवेना. त्या आठवड्यात दोघी कामापुरतंच बोलल्या. शनिवारी इस्त्री करता करता धाकटी म्हणाली, उद्या मी येणार आहे. ताईने नको म्हटलं, तरी ती इस्त्री फिरवत राहिली.

रविवारी पाळकसाहेबांनी तोच उपदेश काढला. धाकटीला बघून ते अडखळतील, असं दातवालीला वाटत होतं, पण त्यांचा आवाज उलट जास्तच मऊ झाला. ते अहंकारापर्यंत आले आणि धाकटी उभी राहिली.

“ती बाई मी आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. “फोटोत माझी आई आहे, मी तिला बघते. आणि दार उघडं आहे म्हणताय, तर ते बाहेरून कडी घालून बंद असायचं, हेही सांगा. यांनाच विचारा.”

सगळ्यांच्या माना ऑर्गनकडे वळल्या. ऑर्गनवाला पुढ्यातली पानं चाळत राहिला. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं, तरी सूर काही निघेना. दोघी बहिणी बाहेर पडल्या. पाठोपाठ ड्रायव्हरकाका आले, आणि कधी कुणाशी न बोलणाऱ्या दोन म्हाताऱ्या.

बुधवारची बैठक बंद पडली. पाळकसाहेब एकदा लॅबमध्ये आले, चुकलं म्हणाले. दातवालीने हातातलं मशीन बंद केलं नाही. माझी कसली माफी मागता, तिच्याकडे जा, एवढंच म्हणाली. ते गेलेही. धाकटीने त्यांना दारातच उभं ठेवून ऐकून घेतलं, आत या म्हटलं नाही.

ताईलाही तिने लगेच माफ केलं नाही. महिनाअखेरीला स्वतःसाठी भाड्याची खोली बघितली. सामान हलवताना दातवाली कपाटाचं एक टोक धरून जिना उतरत होती आणि धाकटी खालून ओरडत होती, की नीट धर, भिंतीला घासतंय. कित्येक दिवसांत ती तिच्याशी एवढं बोलली नव्हती.