वजनं आधी, पाकिटं नंतर

घरात माणसं तीन आणि मत एकच, आणि तेही मुरलीधर सोवनीचं नव्हतं. ते होतं त्याच्या मुलीचं, अस्मीचं. मुरलीधर अमेरिकेत नोकरीला असताना ती नॉर्थ कॅरोलिनात जन्मली आणि जन्मतःच तिथली नागरिक झाली. ती दोन वर्षांची असताना मंदी आली. मुरलीधरची नोकरी गेली, नोकरीपाठोपाठ व्हिसा गेला, आणि सोवनी मंडळी चार बॅगा आणि एक बाबागाडी घेऊन दुबईत उतरली. त्याला आता सतरा वर्षं झाली. जुमेरा लेक टॉवर्समधल्या त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीतून तळं दिसतं, हापूस वेळेवर मिळतो, शेजार चांगला आहे. मत मात्र नाही. पुण्याच्या मतदार यादीतून मुरलीधरचं नाव कधीच उडालं होतं, आणि त्याने आयुष्यात मत दिलं होतं ते एकदाच, बाविसाव्या वर्षी.

त्यामुळे अस्मीला अमेरिकेतून मतपत्रिकेचा ईमेल आला तेव्हा घरात लग्न निघाल्यासारखी गडबड सुरू झाली. निवडणूक अध्यक्षपदाची नव्हती, त्याच्या आधीची होती. पक्षाचा उमेदवार कोण हे त्यांच्याकडे पक्षाचे मतदारच ठरवतात, आणि यंदा अस्मीच्या पक्षातून तब्बल अकरा जण उभे होते. गव्हर्नर होते, सेनेटर होते, एक डॉक्टर होते, आणि एक गृहस्थ नेमके कशासाठी उभे होते ते त्यांच्या बायकोलाही माहीत नसावं.

"अकरा बिडर्स," मुरलीधर हात चोळत म्हणाला. "टेंडरच आहे की हे."

मुरलीधर एका बांधकाम कंपनीत खरेदी विभागाचा प्रमुख होता. लिफ्टपासून नळाच्या तोट्यांपर्यंत सगळं त्याच्या हाताखालून जायचं, आणि त्याच्या खात्याचा एक नियम होता. कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं ते आधी ठरवायचं, कमिटीने त्या कागदावर सह्या करायच्या, आणि मगच बोलीची पाकिटं उघडायची. एकदा पाकिटं उघडली की वजनाला हात लावायचा नाही. एका साहेबाने एकदा आपल्या माणसाला काम मिळावं म्हणून वजनं बदलायला सांगितली होती. मुरलीधरने नकार दिला आणि दोन वर्षं पगारवाढीवर पाणी सोडलं. ही गोष्ट अस्मीने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की साहेबाच्या टायचा रंगसुद्धा तिला पाठ होता.

तेव्हा घरातही तसंच झालं. एक्सेल शीट तयार झाली. शिक्षण, आरोग्य आणि हवामान यांना वीस-वीस टक्के, हे अस्मीने ठरवलं. अनुभवाला दहा, आणि बाहेरून आलेल्यांच्या हक्कांना दहा. उरलेले वीस कशाला द्यायचे यावर चर्चा अडली, तेव्हा मुरलीधरची बायको उर्मिला पोळ्या लाटता लाटता म्हणाली की 'माणूस' असा एक रकाना करा. म्हणजे काय, असं मुरलीधरने विचारलं. समोरचा बोलत असताना हा ऐकतो का, पाणी आणून देणाऱ्याकडे बघतो का, चूक झाली तर झाली म्हणतो का, असं तिने सांगितलं. मुरलीधरला हा निकष मोजण्याजोगा वाटला नाही, पण घरात राहायचं होतं. तिघांनी कागदावर सह्या केल्या आणि तो फ्रिजवर चिकटवला.

अमेरिकेत रात्री नऊला होणारे वादविवाद दुबईत सकाळी सहाला लागत. महिनाभर सोवनींच्या घरी चहाबरोबर लोकशाही चालली. अकरांचे आठ झाले, आठांचे पाच. शीटवर यादीतल्या सातव्या नंबरच्या बाई गुणांत पुढे होत्या, एका मध्यम शहराच्या महापौर. शाळांबद्दल नेमकं बोलत, आणि एकदा आपल्या शहरातल्या पाणीयोजनेचा घोळ आपल्यामुळेच झाला असं सरळ म्हणाल्या. उर्मिलाने त्यांना वीसपैकी एकोणीस दिले. अस्मी तर त्यांचं भाषण मेट्रोत पुन्हा ऐकायची.

शेवटच्या वादविवादात तिसऱ्या नंबरचे माजी गव्हर्नर बोलले. ते एरवी सगळ्यांचं बोलणं तोडायचे आणि उर्मिलाच्या रकान्यात त्यांना जेमतेम चार मिळाले होते. पण त्या सकाळी ते म्हणाले, जे लोक इथे येऊन राबले, कर भरले, वर्षानुवर्षं रांगेत उभे राहिले, त्यांना आपण एका महिन्यात घर आवरायला लावलं. याची मला लाज वाटते.

मुरलीधरच्या हातातला चहा गार झाला. सात वर्षं तो त्या रांगेत उभा होता. कागद पुढे सरकतोय म्हणता म्हणता नोकरी गेली, आणि घर रिकामं करताना अस्मीचा पाळणा फुटपाथवर ठेवून द्यावा लागला, कारण तो विमानात बसत नव्हता. त्याची लाज वाटते असं आजवर त्याला कुणी म्हटलं नव्हतं. ऑफिसला जाताना लिफ्टमध्ये त्याने डोळे पुसले आणि एसीला दोष दिला.

त्याच दुपारी त्याने ऑफिसात शीट उघडली. महापौर बाई चौऱ्याहत्तर, गव्हर्नर एकाहत्तर. तीनच गुणांचा तर प्रश्न होता. त्याने बाहेरून आलेल्यांच्या हक्कांचे दहाचे पंचवीस केले, आणि ते पंधरा टक्के 'माणूस'मधून काढले, कारण तो रकाना तसाही शास्त्रीय नव्हता. गव्हर्नर वर गेले. मुरलीधरला हायसं वाटलं, आणि मग थोडं कसंसंही वाटलं, पण त्याने फाइल सेव्ह केली.

शनिवारी सकाळी पोहे झाल्यावर त्याने लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि निकाल जाहीर केला. बिडर नंबर तीन, गव्हर्नर. आकडे सांगताना त्याचा आवाज टेंडर उघडताना असतो तसा कोरडा होता. अस्मी शीटकडे बघत राहिली. मग उठली आणि फ्रिजपाशी गेली. सतरा वर्षं लोकांचे घोटाळे पकडणारा हा माणूस फ्रिजवरचा सह्यांचा कागद विसरला होता. दुधाची बाटली काढताना रोज तो समोर दिसायचा, आणि रोज दिसणाऱ्या गोष्टी माणसाला दिसेनाशा होतात.

तिने तो कागद लॅपटॉपशेजारी ठेवला. उर्मिलाने वाकून पाहिलं. "माझे वीसचे पाच कधी झाले?" तिने विचारलं.

"बाबा," अस्मी म्हणाली, "इफ अ व्हेंडर डिड धिस, व्हॉट वूड यू डू?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मुरलीधरला आपल्या घरातच ही म्हण आपल्यावर शेकेल असं वाटलं नव्हतं. तो कागदावरच्या आपल्या सहीकडे बघत म्हणाला, "बाद करतो."

मग तो बोलायला लागला. पाळण्याचं सांगितलं, रांगेचं सांगितलं, ज्या दिवशी अस्मीच्या डे-केअरमध्ये शेवटचं जाऊन तिची रंगवलेली चित्रं आणली त्या दिवसाचं सांगितलं. साहेबाची गोष्ट तिने चाळीसदा ऐकली होती, ही एकदाही ऐकली नव्हती. तो म्हणाला की त्या देशाने मला एकदा तरी विचारावं असं वाटत होतं, आणि विचारलं ते तुला. मला वाटलं, तुझ्या हाताने मीच उत्तर देऊन टाकावं.

अस्मीचे डोळे भरले. क्षणभर मुरलीधरला वाटलं की ती आता म्हणेल, ठीक आहे, गव्हर्नर तर गव्हर्नर. आणि त्याच्या लक्षात आलं की तसं ती म्हणाली तर ते त्याला आवडणार नाही.

"दॅट्स अ रिअल व्होट, बाबा," ती म्हणाली. "खूप खरं आहे. बट इट्स युअर्स. माझ्या बॅलटवर तुमचं मत नाही बसणार."

"नको बसवूस," मुरलीधर म्हणाला. त्याने स्वतः पंचवीसचे पुन्हा दहा केले, पाचाचे वीस केले, आणि लॅपटॉप तिच्याकडे सरकवला.

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मुरलीधर तळ्याकडे बघत उभा राहिला. खाली कुणीतरी कुत्र्याला फिरवत होतं. पंधरा मिनिटांनी ती बाहेर आली आणि म्हणाली, "खलास. सबमिटेड."

मत कुणाला, हे तिने सांगितलं नाही. शीटप्रमाणे दिलं असेल, किंवा गव्हर्नरांना दिलं असेल, किंवा भलत्यालाच. मुरलीधरने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. उर्मिलाने त्याच्याकडे बघून मान डोलावली, कारण हे त्याला जड जात होतं आणि तरी तो करत होता.

अस्मीच्या हातात मात्र लॅपटॉप होता, आणि त्यावर वेगळंच पान उघडलेलं होतं. परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठी मतदार नोंदणीचा अर्ज. पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नाव लागतं. फक्त मत द्यायला स्वतः जावं लागतं, पासपोर्ट घेऊन.

"म्हणजे मतासाठी पुण्याला जायचं?" मुरलीधर म्हणाला. "नऊशे दिरहमचं तिकीट. एकवीस-बावीस हजार रुपये एका बटणाचे."

"सतरा वर्षं माझ्या मताची वाट बघितलीत," अस्मी म्हणाली. "दॅट वॉज मोअर एक्स्पेन्सिव्ह."

"दोन तिकिटं लागतील," उर्मिला म्हणाली. "माझंही नाव भर. आणि मी कुणाला देणार ते विचारायचं नाही."

दोन्ही अर्ज त्याच टेबलावर भरून झाले. पोह्यांच्या बशा तशाच होत्या. अस्मीने वडिलांचा फोटो तीनदा काढला, कारण दोनदा त्यांना हसू आवरलं नाही. मग मुरलीधर ड्रॉवरमधून दोन कोरे कागद आणि दोन पाकिटं घेऊन आला. पुण्यातून कोण उभं राहील, किती उभे राहतील, काहीच माहीत नव्हतं. म्हणूनच आत्ता करायचं, असं त्याने सांगितलं. वजनं आधी, पाकिटं नंतर.

उर्मिला टेबलाच्या त्या टोकाला गेली आणि हाताने कागद झाकून लिहू लागली. मुरलीधरने या टोकाला लिहिलं. पहिल्याच ओळीत त्याने 'माणूस' लिहिलं, पुढे चाळीस टक्के लिहिले, आणि बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला. मग सही केली.

दोन्ही पाकिटं चिकटवून पासपोर्टांच्या ड्रॉवरमध्ये गेली. संध्याकाळी अस्मी पाणी प्यायला बाहेर आली तेव्हा मुरलीधर त्या ड्रॉवरपाशी उभा होता. उर्मिलाचं पाकीट त्याच्या हातात होतं आणि दिवा अगदी डोक्यावर होता. तिला बघून त्याने ते पाकीट तसंच, दिव्यासमोर न धरता, पुन्हा आत ठेवलं आणि ड्रॉवर बंद केला.