टाकी काठोकाठ भरली तेव्हा

माझ्या सासऱ्यांनी, रामकिसनरावांनी, घर बघितलं ते दहा मिनिटांत. करमाडच्या बाजारात बैल घ्यायचा असला की हाच माणूस त्याचे दात बघतो, चालवून बघतो, पळवून बघतो आणि वर म्हणतो, उद्या परत येतो. हडको वसाहतीतल्या चंपाबाईंच्या विकाऊ रो-हाऊसमध्ये मात्र त्यांनी देव्हाऱ्याची दिशा बघितली, चहा घेतला, समोर आलेला पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "ठरलं." पेढा खाल्ला की आमच्याकडं खोट काढायची नसते. काढली तर शब्द मोडला.

माझं डोकंच फिरलं. नऊ वर्षं आम्ही बजाजनगरात दोन खोल्यांत काढलीत. आता घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय, महिनाअखेर खोल्या सोडायच्यात. हे घर मला घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त हवं होतं. म्हणूनच म्हटलं, जन्माची पुंजी घालतोय तर आधी जाणत्या माणसाला दाखवू.

"मामा, मी इंजिनिअर आणते," मी सासऱ्यांना म्हणाले.

"पेढा खाऊन पंचनामा करायचा व्हय?"

माझा नवरा शिवराज मोबाईलमध्ये डोकं घालून बसला. बापाशी बोलायची वेळ आली की त्याला नेमकं काहीतरी महत्त्वाचं वाचायचं असतं. शेवटी मीच फोन लावला.

बुद्धभूषण माझ्या मैत्रिणीचा भाऊ. घर घेण्याआधी ते तपासून लेखी अहवाल देणं हेच त्याचं काम. रविवारी सकाळी तो आला. भिंती ठोकून बघितल्या, सगळे प्लग तपासले, खिडक्यांच्या कोपऱ्यांवर ओल मोजायचं यंत्र टेकवलं. सगळं ठीक निघालं. मग त्यानं नळ सोडला, तर नुसती हवा आली. त्या गल्लीत पाणी आठव्या दिवशी येतं आणि ते येऊन सहा दिवस झाले होते.

"कोरड्या घराची गळती मी कशी सांगू?" तो म्हणाला. "गच्चीवरची टाकी काठोकाठ भरली पाहिजे."

"मावशी, कुठं गळतं का हो?" मी चंपाबाईंना विचारलं.

"नाय बाई. बावीस वर्सं झाली, एक थेंब नाय. टाकी आमच्या मालकानं सोता उन्हात हुबं राहून बांधून घेतली. गेले बिचारे, पर काम बघा त्यांचं. भरायची तर भरा."

मी टँकर मागवला. सासरे आमच्याकडं पाठ करून फाटकाशी उभे राहिले. टाकी निम्मी झाली तरी भिंती कोरड्याच होत्या. सासरे आत आले. "झालं समाधान?" त्यांनी विचारलं. गच्चीवरून बुद्धभूषणनं हाक दिली, चालू ठेवा.

पुढच्या वीस मिनिटांत बेडरूमच्या भिंतीवर काळपट डाग उमटला. मग रंगाला फुगे आले आणि पाणी सरळ चंपाबाईंच्या गादीवर उतरलं.

"एक थेंब नाय म्हणत होता ना?" मी ओरडलेच. खोटं पकडल्याचा मला आनंद झाला होता, त्याची आता लाज वाटते. चंपाबाई भिंतीवर हात ठेवून उभ्या होत्या.

बुद्धभूषण खाली आला. बेडरूमच्या बरोबर वर असलेल्या टाकीला निम्म्या उंचीच्या वर आडवा तडा होता. "मावशी, ही टाकी पूर्ण कधी भरली होती?"

चंपाबाईंनी वर छताकडं बघितलं. "पूर्ण? पूर्ण कशानं भरंल? येतं तेवढ्यात निम्मी होती."

म्हणजे त्या खोटं बोलल्याच नव्हत्या. बावीस वर्षांत तड्यापर्यंत पाणी पोचलंच नव्हतं.

"घर पक्कं आहे," बुद्धभूषण मला म्हणाला. "ही टाकी बंद करा, प्लास्टिकची बसवा. बाकी काही नाही."

माझा जीव भांड्यात पडला. "मावशी, टाकीचं आम्ही बघून घेऊ. आम्हाला घर पसंत आहे."

"मला तुम्ही पसंत नाय," चंपाबाई म्हणाल्या. "माझ्या मालकाचं काम तुम्ही माझ्याच घरात खोटं पाडलं."

सासरे पुढं आले आणि त्यांनी हात जोडले. "चुकलं आमचं, बाई."

"तुमचं काय बी चुकलं नाय, भाऊ. तुमचा शब्द सुनेनं मोडला."

मी शिवराजकडं बघितलं. तो चपला घालत होता. मी बरोबर होते, इंजिनिअरनं तसं लिहूनही दिलं असतं, आणि घर माझ्या हातून चाललं होतं. रागानं रडू येत होतं. चंपाबाईंना पुन्हा समजावलं, माफी मागितली, प्लास्टिकच्या टाकीवर त्यांच्या मालकांचं नाव लिहू असंही काहीतरी बरळले. त्या ऐकेनात.

"वैजापूरचा एक कांद्याचा व्यापारी लई मागं लागलाय," त्या म्हणाल्या. "त्यानं टाकीकडं मान वर करून सुदिक बघितलं नाय. त्याला देते."

"टाकीला तडा आहे हे त्याला सांगाल तरी?"

"इचारलं तर सांगीन की." त्यांनी भिजलेल्या गादीचं एक टोक उचललं. "धर तिकडून. उन्हात टाकायची हाय."

मी धरली.