ज्या गावानं फौजा जेवू घातल्या

शरयूमावशींना एका जर्मन गावाची चारशे वर्षं वीस मिनिटांत रंगमंचावर बसवायची होती. त्यातली तीन मिनिटं कापा, असं मंडळाचा सांस्कृतिक सचिव नकुल म्हणत होता, आणि नेमकी तीच तीन मिनिटं कापायला मावशी मेल्या तरी तयार नव्हत्या. भांडण एवढंच होतं, पण अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या निम्म्या मराठी घरांत ते पोचलं होतं.

गावाचं नाव ग्राउलिंगन. मावशींचे यजमान इचलकरंजीचे, यंत्रमागांतले इंजिनियर. अमेरिकेला येण्याआधी तीन वर्षं ते ग्राउलिंगनच्या मागांच्या कारखान्यात होते. नवरा कारखान्यात, भाषा येत नाही, बाहेर बर्फ. मावशी घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात जाऊन बसायच्या. फ्राउ लेंत्स तिचं नाव. बटाटे सोलता सोलता तिनं जर्मन शिकवली आणि गावाचा इतिहासही सांगितला. शाळेतला इतिहास राजांचा असतो, फ्राउ लेंत्सचा पातेल्यांचा होता. कुठली फौज आली आणि काय खाऊन गेली, एवढंच ती सांगायची.

आधी स्वीडिश आले. आजूबाजूची गावं जाळत जाळत ते वेशीपाशी पोचले, तेव्हा ग्राउलिंगनच्या बायकांनी घरातली सगळी पातेली रस्त्यात मांडली आणि वाटाण्याच्या डाळीचं सूप उकळत ठेवलं. फौज जेवली, झोपली आणि गाव न जाळता पुढे गेली. मग फ्रेंच आले. मग ऑस्ट्रियन, त्यांच्यामागून प्रशियन, मग नेपोलियनची माणसं. ज्याला त्याला पातेलं. गावाला त्याचा केवढा अभिमान! दर उन्हाळ्यात एक दिवस सगळं गाव रस्त्यात उभं राहून ते सूप पितं, आणि म्हणतं, आमच्या दारातून शत्रूसुद्धा उपाशी गेला नाही.

फ्राउ लेंत्सच्या गोष्टीत एक उडी होती. पहिलं महायुद्ध झालं की ती एकदम अमेरिकन सैनिकांच्या चॉकलेटवर यायची. मधलं काय, असं मावशींनी विचारलं की ती चहाचं पाणी ठेवायला उठायची. पुढे वीस-बावीस वर्षांनी मावशी पुन्हा तिथं गेल्या, तेव्हा त्याच घरासमोर, रस्त्यापलीकडच्या दारापाशी, फरसबंदीत पितळेच्या दोन लहान स्मरणपाट्या बसवलेल्या दिसल्या. एक आईच्या नावाची, एक मुलीच्या. समोरच्या ज्यू शिंप्याची बायको आणि नऊ वर्षांची पोर. त्यांना छळछावणीत नेण्याआधी कितीतरी महिने गावात त्यांना कुणी पावही विकत नव्हतं. तीनशे वर्षं परक्या फौजांना वाढणाऱ्या गावानं शेजारणीला मात्र उपाशी ठेवलं. ज्या खिडकीत बसून मावशी तीन वर्षं चहा प्यायल्या, त्या खिडकीतून ते दार समोरच दिसायचं.

कापायची ती तीन मिनिटं हीच.

नकुल वाईट माणूस नव्हता. त्याला लोक खूश हवे असतात, आणि ज्याला सगळे खूश हवे असतात तो आधी खऱ्यावर कात्री चालवतो. मंडळाच्या मीटिंगला तो समजुतीनं म्हणाला, “मावशी, दिवाळीचा प्रोग्रॅम आहे, मुलं असतात. स्वीडन, नेपोलियन, हॅट्स, सूप, सगळं मस्त आहे. तेवढा नाझी पार्ट स्किप करू. व्हाइब जातो यार.”

“त्या गावाचाही व्हाइब गेला नाही,” मावशी म्हणाल्या. “तेच तर दाखवायचंय.”

मग व्हायचं ते झालं. वेळेअभावी नाटक कॅन्सल केलं, असा मेसेज व्हॉट्सॲपवर आला, खाली हात जोडल्याचं चित्र. त्या जागी अजून एक बॉलिवुड डान्स. मंडळांचं हे असंच असतं. शिवाजीमहाराजांची तलवार चालते, प्रेक्षकांकडे रोखलेलं बोट चालत नाही.

मेसेज आला तो कार्यक्रमाच्या आदल्या रात्री. पण सूप आधीच करून झालं होतं. नाटकात खोटं सूप दाखवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, आणि थोडं करणं तर त्यांच्या हाताला ठाऊकच नव्हतं. देवळातून महाप्रसादाचं पातेलं मागून आणलेलं. त्यात गिरीशकाकांची भर. गिरीशकाका नागपूरचे, निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ, आणि नाटकातल्या सगळ्या फौजांचे सेनापती तेच. स्वीडिश सैन्य जिऱ्याच्या फोडणीशिवाय जेवणार नाही, असं त्यांनी तालमीतच बजावलं होतं. मावशींनी अस्सल जर्मन चवीसाठी आठवडाभर वाद घातला आणि शेवटी फोडणी दिली. आता एवढं अन्न टाकायचं कसं? नाटक नाही तर नाही, लोक सूप तरी पितील, म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी पातेलं गाडीत घालून त्या शाळेच्या हॉलवर पोचल्या. गिरीशकाका टोप्यांची पिशवी घेऊन आले. मेसेज त्यांनी वाचला होता, पण मानला नव्हता.

कार्यक्रम ठरल्याप्रमाणे चालला. डान्स झाले, कराओके झालं, अध्यक्षांचं भाषणसुद्धा झालं. जेवण मात्र आलं नाही. केटररची व्हॅन हायवेवर बंद पडली होती आणि दुसरी एडिसनहून निघायची होती. भुकेला मराठी माणूस आधी घड्याळ बघतो, मग केटरर कुणी ठरवला ते विचारतो, मग सचिव कुठे आहे ते शोधतो. नकुल तिसऱ्या पायरीच्या आधीच स्टेजमागे येऊन उभा राहिला. हॉटप्लेटवरच्या पातेल्यातून जिऱ्याचा वास येत होता.

“मावशी, नाटक आत्ता कराल?”

“पूर्ण करेन.”

नकुलनं पडद्याच्या फटीतून हॉलकडे पाहिलं. पहिल्या रांगेतली एक पोर रडत होती आणि तिचा आजा उभा राहून हातवारे करत होता.

“पूर्ण करा,” तो म्हणाला.

पडदा उघडला. मधोमध पातेलं, मागे मावशी, डोक्याला रुमाल, हातात ओगराळं. गिरीशकाका मोरपीस खोचलेली टोपी घालून स्वीडिश सेनापती म्हणून आले आणि म्हणाले, “गाव जाळायला आलोय. पण आधी काय केलंय ते सांगा.” हॉल खळखळून हसला. ते प्यायले, ओठ पुसले, अजून घेतलं, आणि गाव जाळायचं राहूनच गेलं. मग टोपी बदलून फ्रेंच झाले आणि मीठ कमी आहे म्हणाले. प्रशियन होऊन बुटांवर बूट आपटले आणि अजून एक वाटी घेतली. प्रत्येक फौजेला मावशी तेच एक वाक्य ऐकवत होत्या, “बसा, पण शेगडीला हात लावायचा नाही.”

नेपोलियनच्या वेळी घोटाळा झाला. आंब्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची टोपी आडवी घालून गिरीशकाका गरजले, “माझी फौज कुठे आहे?” आणि तिसऱ्या रांगेतून वेस्ट विंडसरचे दळवीकाका उठले. आयुष्यभर बँकेत व्यवस्थापक, मधुमेही, जेवणाची वेळ कधी न चुकवलेला माणूस. कॉफीच्या टेबलावरचा कागदी वाडगा उचलून ते स्टेजच्या पायऱ्या चढले आणि म्हणाले, “मी फौज.” ओगराळं चालू आहे म्हटल्यावर मराठी माणूस रांग लावतो. त्यांच्यामागे पैठणी नेसलेल्या दोघी, त्यांच्यामागे जाकीट घातलेली मुलं, मग अख्खी रांगच. बघता बघता नेपोलियनच्या सैन्यात पार्सिपनी भरती झाली. गिरीशकाका टोपी सावरत ओरडत होते, “शिस्त! मॉस्कोला जायचंय, धक्काबुक्की करू नका!” मागून कुणीतरी विचारलं, मॉस्कोला जेवण आहे का. हसून हसून मावशींच्या हातातलं ओगराळं हलत होतं. इतकी वर्षं त्या गावाची गोष्ट लोकांना सांगायचा प्रयत्न करत होत्या, आणि आज लोक वाडगे घेऊन त्या गोष्टीत शिरले होते.

आणि ते तीन मिनिटांचं दृश्य आलं.

रांगेच्या शेवटी प्रीता उभी होती, शिंप्याची बायको म्हणून. प्रीता नकुलची बायको. नाटक कॅन्सल केल्याचं नवऱ्यानं सांगितलं, तेव्हा तिनं त्याला, मी तर करणार, एवढंच सांगितलं होतं. तिच्या हाताशी त्यांची मुलगी आन्या. दोघींच्या हातात रिकामे वाडगे. पुढचे सगळे सूप घेऊन बाजूला होत होते आणि दोघी पुढे सरकत होत्या. पातेल्यापाशी पोचल्या. मावशींनी ओगराळं पातेल्यात ठेवलं आणि पदराला हात पुसले.

“तुम्हाला नाही,” त्या म्हणाल्या.

हॉलमधलं हसू अजून पुरतं विरलं नव्हतं. कुणीतरी खुदकन हसलंही. आन्यानं वाडगा तसाच पुढे धरला. मावशींनी मान फिरवली आणि मागच्या माणसाला, “या, बसा,” म्हणून वाढलं.

स्टेजवर भरला वाडगा घेऊन दळवीकाका उभे होते. त्यांना ते बघवेना. ते पुढे झाले आणि आपला वाडगा त्यांनी आन्याच्या हातात दिला. समोरून टाळ्या पडल्या, मोठ्या, सुटका झाल्यासारख्या.

टाळ्या ऐकून मावशींनी ओगराळं पातेल्याच्या काठावर आपटलं. एवढं सोपं? नकुलनं कात्रीनं जे कापायचं ठरवलं होतं, ते या भल्या माणसानं वाडग्यानं कापलं होतं.

“दळवी,” त्या म्हणाल्या. मंडळात त्यांना कुणी अशी नुसत्या आडनावानं कधी हाक मारली नसावी. “तो वाडगा परत घ्या.”

“अहो, लहान पोर आहे...”

“तीही एवढीच होती. त्या गावात कुणी दिला नाही. एकानंही नाही. तुम्ही दिलात तर हे लोक घरी जाऊन जेवतील आणि झोपतील, आणि म्हणतील, शेवटी माणसं चांगली असतात. परत घ्या.”

दळवीकाकांनी आन्याच्या हातातला वाडगा परत घेतला. घाईत सूप सांडून त्यांच्या कुर्त्यावर ओघळलं. प्रीतानं मुलीचा हात धरला, दोघी पायऱ्या उतरल्या आणि प्रेक्षकांच्या मधल्या वाटेनं चालत दाराकडे गेल्या. स्टेजवर वाडगे धरून उभी असलेली सगळी माणसं, पैठण्या, जाकिटं, गिरीशकाका, नुसती बघत राहिली. कुणी नाटक करत नव्हतं. दाराशी नकुल उभा होता. आपली बायको आणि मुलगी रिकामे वाडगे घेऊन समोरून येताना बघून तो बाजूला सरकला, आणि त्यानं दार उघडलं नाही. दाराशी असेल त्यानं ते उघडायचं असं तालमीत ठरलं होतं, पण तो तालमीला नव्हता. प्रीतानंच ते ढकललं आणि दोघी बाहेर गेल्या.

मग गिरीशकाकांनी हिरवी टोपी चढवली, अमेरिकन होऊन चॉकलेटं फेकली, आणि गाव पुन्हा हसलं. हसताना लोकांनी एकमेकांकडे जरा चोरून पाहिलं. मावशींना तेवढं पुरे होतं.

जेवण आलं तेव्हा कुणाचंच लक्ष नव्हतं. रांगेत लोक भांडत होते. स्वीडिश लोक मुळात जर्मनीत करत काय होते, यावर दोन निवृत्त डॉक्टर तावातावानं बोलत होते, आणि दोघांनाही काही माहीत नव्हतं. गिरीशकाका नेपोलियनची टोपी काढायला तयार नव्हते. आन्याच्या टेबलाला मात्र अख्ख्या मंडळानं वेढा घातला होता. जो येईल तो तिच्या ताटात काहीतरी ठेवून जात होता. जिलबीवर जिलबी, त्यावर पुऱ्या, त्यावर बटाटेवडे, आणि प्रीता ओरडत होती की तिला काजूची ॲलर्जी आहे, निदान विचारा तरी.

“आय ॲम फुल,” आन्या म्हणत होती. कोणी ऐकत नव्हतं.

दळवीकाका कुर्त्यावरचा डाग तसाच घेऊन मावशींच्या समोर येऊन उभे राहिले. मी तुमच्यावर रागावलोय, म्हणाले. दिलेलं परत घ्यायला तुम्ही मला लावलंत, आज झोप लागणार नाही. मावशी म्हणाल्या, मला वीस वर्षं लागत नाहीये, या बसा. दळवीकाका बसले आणि त्यांनी ताट पुढे ओढलं. त्या गावातल्या मायलेकींचं पुढे काय झालं ते सांगा, ते म्हणाले, आणि मावशी सांगू लागल्या.

निम्म्यात नकुल आला. हातात मंडळाचा माइक होता, तो बंद होता. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला आणि शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला, “मावशी, पुढच्या वर्षी...”

“ते दृश्य राहणार,” मावशी म्हणाल्या.

“मी वेळेचं विचारत होतो. अर्धा तास चालेल?”

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि बाजूची खुर्ची पायानं त्याच्याकडे सरकवली.