साळखात्यातली शिडी

या मित्रांनो, जरा पुढे सरकून बसा. इथे माझ्याजवळ, भिंतीच्या सावलीत. कीर्तनाला बसता तशी मांडी घाला आणि कान द्या. मी तुम्हांला एक गोष्ट सांगणार आहे. ती गोड नाही, पण मी ती माझ्या अंगावर सोसलेली आहे.

मी एक जुनी शिडी आहे. लालबागेतल्या एका गिरणीच्या मागे, बॉयलरच्या जळणात पडले आहे. उद्या-परवा मला कोणी फोडून आत टाकील. माझे दोन उभे दांडे सागाचे आहेत आणि पायऱ्या बाभळीच्या. एकच पायरी निराळ्या लाकडाची, नंतर ठोकलेली. तिचीच ही हकिगत आहे.

लालबागेतल्या एका सुताराने मला घडवले ते गिरणीसाठी नव्हे, मारुतीच्या देवळासाठी. देवळात सप्ताह बसला की मांडवाच्या आढ्याला दिव्यांच्या काचेच्या हंड्या टांगायच्या असत, आणि त्या टांगायला माणसाला उंच चढावे लागे. गिरणीत कापड विणायच्या साच्यावर काम करणारे दोन मालवणकडचे गडी हे काम आपण होऊन करीत. त्यांतला दौलत वर चढे आणि जगन खाली माझे पाय धरून बसे. दोघे एका गावचे, एका खोलीत राहणारे. जगन खालून ओरडे, "चढ रे बिनधास्त, मी धरतंय. पडलंस तर देवाच्या पायावरच पडशीत!" दौलत वरून म्हणे, "आधी तंबाखू थुंक मेल्या, देऊळ आसा ह्यां!"

हंड्या लागल्या की मला खांबाला टेकवून ठेवीत. मित्रांनो, आयुष्यातले ते माझे सुखाचे दिवस. दिवस मावळला, गिरणी सुटली की माणसे हातपाय धुऊन सरळ देवळात येत. अंगावर कापसाचे तंतू तसेच. बुवा उभे राहत, टाळ-झांज वाजू लागे, आणि बुवा पूर्वरंगात काय सांगत ते मला फारसे कळत नसे, पण उत्तररंगात आख्यान सुरू झाले की माझ्यासारख्या लाकडालाही हुंदका येईलसे वाटे. दौलत आणि जगन दोघेही पहिल्या रांगेत झांजा धरून असत. एकदा बुवांनी दौलतच्या कपाळाला बुक्का लावला आणि म्हणाले, "आमचे तोंड लोकांना दिसते ते ह्याच्या हातामुळे."

मग सन १८९४ च्या सुमारास गिरणीत विजेचे दिवे आले.

गिरगावचे चिंतामणराव म्हणून एक शिकलेले गृहस्थ वीज तयार करणाऱ्या डायनामोखान्याचे मुख्य होऊन आले. दिवे सांभाळायला त्यांना एक माणूस हवा होता, उंचीला न भिणारा आणि काच न फोडणारा. सप्ताहात देवळात आले असता त्यांनी दौलतला माझ्या टोकावर उभा पाहिला आणि तिथेच खाली बोलावून घेतला.

"साच्यावर पंधरा-सोळा मिळत असतील तुला. दिव्यांवर ये, पाच अधिक देववतो. आणि हे बघ, हे काम नवे आहे. मुंबईत अजून कोणाला येत नाही. मन लावून शिकलास तर दोन वर्षांत डायनामोखान्यात मिस्त्री होशील. मिस्त्रीला काय मिळते, ठाऊक आहे?"

त्यांनी आकडा सांगितला. दौलतच्या शेजारी त्याची बायको शेवंता उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. गावाहून नुकतीच आलेली ती बाई परक्या पुरुषांनी भरलेल्या खोलीत, एका आडोशाच्या पडद्यामागे संसार करीत होती. आपली स्वतःची एक खोली, दाराला आतून कडी, एवढेच तिला हवे होते. मिस्त्रीच्या पगारात ती मिळणार होती.

दौलतने एकच अट घातली. "शिडी हीच घेऊन येतंय. हिच्यावर माझो पाय बसलेलो आसा." गिरणीने देवळाला नवी शिडी दिली आणि मी साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, आले. शेकडो साचे एका वेळी खडखडत होते. शेजारच्या माणसाची हाक शेजाऱ्याला ऐकू जात नाही, म्हणून तिथे सगळे नुसत्या ओठांनी आणि हाताच्या खुणांनी बोलतात. खुणेने पाणी मागतात, खुणेने शिव्या देतात, आणि खुणेने सांगितलेल्या विनोदाला पोट धरून हसतात. कीर्तन ऐकलेल्या मला ते मुक्यांचे राज्य वाटले.

आढ्याला मोठाले दिवे टांगले होते. एकेका दिव्यात कोळशाच्या दोन कांड्या समोरासमोर असत आणि त्यांच्यामधून वीज उडे. कांड्या रोज जळून झिजत. रोज संध्याकाळी दौलतने माझ्यावरून चढून नव्या कांड्या बसवायच्या आणि शेजारची कळ फिरवायची, असा नेम होता.

पहिल्या संध्याकाळी काय झाले ते ऐका. छपराच्या काचा काळवंडू लागल्या. सूत दिसेनासे झाले की काम बंद व्हायचे, हा तोवरचा रिवाज. साचेवाले सुटायच्या बेतात होते. इतक्यात दौलतने कळ फिरवली आणि पांढरा लख्ख उजेड पडला. घरात दिवा लागला की आपण करतो ना, तसेच त्या सगळ्यांनी साचे सोडून त्या दिव्याला हात जोडले. म्हाताऱ्यांनी तर टोप्या काढून डोके लववले. दौलतही वरून हात जोडून उभा होता. सुटीचा भोंगा काही झाला नाही. साचेवाल्यांवरचा मुकादम, जॉबर, रांगांतून फिरत आला आणि जोडलेल्या हातांवर छडी मारीत म्हणाला, "नमस्कार झाला ना? आता साचे चालवा."

त्या दिवसापासून गिरणी रात्री आठला सुटू लागली.

पगार वाढला तो एकट्या दौलतचा. बाकीच्यांचे तास वाढले. देवळात बुवा रिकाम्या सतरंजीपुढे उभे राहत आणि माणसे पोचत तेव्हा आरतीही होऊन गेलेली असे. राग धरायला मालक समोर नव्हता. दौलत होता. तो मला खांद्यावर घेऊन साळखात्यात शिरला की खुणा सुरू होत, आणि त्या मला दिसत. "चांगले दिवे लावलेस रे!" "सूर्याक पण बांधून ठेवलंस काय, दौलत्या?" नळावर बायका शेवंताची घागर बाजूला सारीत. "उजेडवालीण आली, बाजू द्या गो!" जगनने माझे पाय धरायचे केव्हाच सोडले होते. दौलत चढला की तो पाठ फिरवी.

दौलत ऐकून घेई. चढे, कांड्या बदली, उतरे. दोन वर्षे काढायची, मग खोली.

दुसऱ्या वर्षी सप्ताह आला. शेवटच्या दिवसाच्या कीर्तनाला तरी जावे, म्हणून आदल्या दिवशी जेवणाच्या सुटीत पाचसहा जण दौलतभोवती जमले. जगन पुढे होता. कितीतरी महिन्यांनी तो दौलतशी बोलत होता.

"एकच सांज, दौलत. बुवांचो शेवटचो दिवस. कांड्यो बिघडल्यो म्हणून सांग, आमी सगळे सुटतलंव."

"उद्या मोठो साहेब दिवे बघूक येतलो हा," दौलत म्हणाला. "ह्याच महिन्यात मिस्त्रीची जागा ठरतली. उद्याच दिवे लागले नाय तर?"

"देवापेक्षा मिस्त्री मोठो?"

"देव माका खोली देतलो काय? तू देतलंस?"

जगनने टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "देवळात हंड्यो लावणारो दौलत खंय मेलो, कोणाक ठावक!" आणि उठून गेला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत साळखाते रिकामे असताना जगन आला. त्याच्या धोतरात करवत होती. दौलत मला नेहमी भिंतीशी आडवी निजवी, पाय दाराकडे करून. जगनला ते ठाऊक होते. त्याने दाराकडून तिसरी पायरी मागच्या अंगाने कापली, पुढे कातडीएवढे लाकूड ठेवले आणि चिरेत साबण आणि कापसाची धूळ भरली. त्याचा हिशेब साधा होता. दौलत चढू लागला की खालचीच पायरी मोडेल, फार तर पाय मुरगळेल. दुसरी शिडी शोधीपर्यंत अंधार पडेल, आणि सगळे कीर्तनाला जातील. तो करवतीने कापीत होता आणि तोंडाने बुवांचे पद गुणगुणत होता. मित्रांनो, त्याचा आवाज फार गोड होता.

संध्याकाळ झाली. मोठे साहेब आले, चिंतामणराव मागे हात बांधून उभे राहिले. साचे चालू होते. दौलतने मला उचलले. आज साहेबांसमोर चूक नको, म्हणून त्याने माझे पाय तपासले. एका दांड्याच्या तळाशी त्याला चीर दिसली, ढकलगाडीचा धक्का लागून पडलेली. मग शहाण्या माणसाने जे करावे तेच त्याने केले. मला उलटी फिरवली. धड टोक जमिनीला, चिरलेले टोक वर.

कापलेली पायरी आता वरून तिसरी झाली.

जगनचा साचा पहिल्याच दिव्याच्या अगदी खाली होता. त्याने मला फिरवताना पाहिले. त्याचा चेहरा पडला तो मी पाहिला. दौलत चढू लागला, एक एक पायरी, सावकाश. ओरडून ऐकू गेले नसते, पण ओरडायची गरज कुठे होती? नुसता हात वर करायचा. सगळे साळखाते हाताने बोलत असे. जगनने साहेबांकडे पाहिले, जॉबरकडे पाहिले. हात वर केला असता तर "का?" म्हणून विचारले असते.

वर जाता जाता दौलतची नजर खाली गेली आणि जगन आपल्याकडेच टक लावून बघतो आहे, असे त्याला दिसले. आपण चढताना त्याने बघणे वर्षभरात पहिल्यांदाच. दौलत हसला. ओठ हलवून म्हणाला, "धरतंस काय?"

जगनचा हात साच्यावरच राहिला.

पायरी मोडली आणि दौलत पाठीवर पडला, साच्याच्या लोखंडी कडेवर. मग तो साचा कोणीतरी थांबवला. बाकीचे चालूच होते. चिंतामणराव वाकले, माझ्या पायरीचा तुकडा उचलला, त्याचे टोक पाहिले. कड तेवढी फाटलेली होती, बाकी सारे करवतीने सरळ कापलेले. त्यांना समजले. साहेबांनी खिशातले घड्याळ काढले होते; चौकशी निघाली तर काम थांबणार. चिंतामणरावांनी तो तुकडा सदऱ्याआड केला आणि म्हणाले, "पाय घसरला, सर. निष्काळजी माणूस." तुकडा त्याच संध्याकाळी बॉयलरमध्ये गेला.

दौलतला उचलून नेत असतानाच साहेबांनी विचारले, दिव्यांचे काय? जॉबर म्हणाला, "हा जगन देवळात शिडी धरायचा, ह्याला माहीत आहे." जगनने मान हलवून नाही म्हटले. जॉबरने पगाराचा आकडा सांगितला. मग जगन माझ्यावर चढला. मोडलेल्या पायरीच्या जागी लांब ढांग टाकली. सगळे दिवे लागले, आठपर्यंत साचे चालले आणि कीर्तनाला कोणीच गेले नाही.

ती जागा जगनला कायम झाली. वाढीव पाच रुपयेही. मिस्त्रीची जागा मात्र महिनाअखेरीस चिंतामणरावांच्या भाच्याला मिळाली. तो पुण्याहून सामान घेऊनच आला. भाड्याची खोली त्याच्यासाठी तीन महिने आधीच घेऊन ठेवली होती, असे शिपाई हसत सांगत होता.

दौलतला कंबरेखाली काहीच उरले नाही. पाय त्याचाच घसरला, म्हणून गिरणीने त्याला काही दिले नाही. इस्पितळातून पुन्हा त्याच पडद्यामागे त्याला आणून टाकले आणि शेवंता रिळांच्या खात्यात कामाला लागली. एकदा ती जेवणाच्या सुटीत साळखात्यात आली. जगन नव्या कांड्या पुसत बसला होता. मी त्याच्या शेजारीच होते.

"भावजी, तेंनी तुमची आठवण काढल्यानी."

जगनच्या हातातली कांडी मोडली.

"पडताना जगन माझ्याकडे बघी होतो, म्हणतत. वर्सभर चढताना बघूक नव्हतो, तेव्हा बघी होतो. त्याचो राग गेलो, म्हणतत. एवढ्यावरच दिवस काढतत तेंनी." तिने पदराने डोळे पुसले आणि मला हात लावून माझी एक एक पायरी हलवून पाहिली. "तुमी तेवढी शिडी नीट बघून चढा हां, भावजी. लाकडाचो काय भरवसो?"

जगन "हो वैनी" म्हणाला.

पुढच्या पावसाळ्यात दौलत गेला. जगन अजून दिव्यांवर आहे. अंगाने सुटला आहे, गळ्यात सोन्याचा मणी आला आहे, आणि रविवारी देवळात तो झांज वाजवतो. फार सुरेख वाजवतो. लोक त्याला पुढे बसवतात. मला नवी पायरी ठोकली होती, पण तिच्यावर त्याने कधी पाय ठेवला नाही. रोज ढांग टाकून टाकून माझे सांधे निखळले, आणि मग त्यानेच मला इथे आणून फेकले.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला ओठ नव्हते आणि वर करायला हात नव्हता. तुम्हांला दोन दोन आहेत. कोणी उंचावर चढला असेल आणि खाली उभे राहून तुम्हांला त्याची पायरी मोडकी दिसत असेल, तर लोक काय विचारतील याचा विचार करू नका. हात वर करा. नंतर देवापुढे कितीही टाळ वाजवलात तरी तो उशीर भरून येत नाही.

आता उठा, जळणवाला येईल. जाताना माझ्यासाठी एवढे करा. देवळात कीर्तन संपले, जयजयकार झाला, की मनातल्या मनात एक नाव घ्या. दौलत. मालवणकडचा, साळखात्यात दिवे लावणारा. मित्र आपल्याकडे मायेने बघतो आहे, असे समजून जो हसत हसत खाली आला, त्या दौलतची आठवण ठेवा.